बॅकअपबाई आणि पोटातलं मशीन

आमच्या वहिनीने आजवर एकही वस्तू टाकलेली नाही आणि आमच्या आईने आजवर एकही वस्तू ठेवलेली नाही. या दोघी एकाच घरात राहतात. दादा आणि मी उरलेल्या जागेत राहतो.

आईच्या तावडीतून काही सुटत नाही. पेपर वाचून होण्याआधी रद्दीत जातो. नवीन मिक्सर आला तेव्हा तिने खोकं इतक्या तत्परतेने बाहेर काढलं की त्याच्या तळाशी राहिलेलं एक झाकणही गेलं, आणि तेव्हापासून आमच्या घरी चटणी ताटलीने दाबून धरून वाटतात. वहिनीची तऱ्हा उलटी. हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, फुटलेल्या डब्यांची झाकणं, बंद पडलेल्या फोनचे चार्जर, सगळं तिने माळ्यावर नीट पिशव्यांत घालून ठेवलेलं असतं. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "असू दे, लागेल." आई त्या माळ्याला संग्रहालय म्हणते आणि पाहुण्यांना तो लांबून दाखवते.

असं हे विळ्या-भोपळ्याचं सख्य. तरी त्यांच्यात कधी भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही. कारण त्यांच्यात एक तह आहे. आई सकाळी उठून टाकायचं ते बादलीत टाकते. कचऱ्याची गाडी यायच्या आत वहिनी बादली तपासते आणि हवं ते उचलून पदराआड माळ्यावर नेते. आईला हे ठाऊक आहे. आईला हे ठाऊक आहे हे वहिनीलाही ठाऊक आहे. कोणी कोणाला ताकास तूर लागू देत नाही आणि घर चालतं.

वहिनी आणि मी एकाच कारखान्यात कामाला आहोत. आम्ही बूट करतो, पण दुकानात जोडीने टांगलेले नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, पाऊल आत वळलेलं आहे, बोटं कमी आहेत, अशांचे. गिऱ्हाइकाने एका काचेवर पाय ठेवला की खालून त्याचं माप संगणकात जातं, संगणक ते कोरणीच्या यंत्राला सांगतो, यंत्र लाकडाचा पाय कोरून काढतं आणि त्या लाकडी पायावर मी बूट चढवतो. कातडं आणि शिलाई माझ्याकडे, संगणक वहिनीकडे.

कारखान्यात तिला बॅकअपबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे बॅकअपबाई. कारण कुठल्याही संगणकाला हात लावण्याआधी ती त्यातल्या सगळ्याची एक प्रत काढून ठेवते. नुसता घड्याळाचा काटा पुढे करायचा असला तरी प्रत. तिच्या आधीच्या नोकरीत कुणीतरी एका दुपारी चुकीचं बटण दाबलं होतं आणि सबंध ऑफिसचं काम धुऊन गेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं हे मला मान्य आहे. पण वहिनी पाणीसुद्धा फुंकून पिते, आणि पिण्याआधी त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवते.

माप घेणारा आणि कोरणीला हुकूम देणारा जो प्रोग्रॅम आहे, तो फार जुना. तो करणारी कंपनी कधीच बंद पडली. नव्या संगणकावर तो चालायला तयार नाही. मग वहिनीने एक युक्ती केली. नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक तयार केला. खराखुरा डबा नव्हे, नुसता आतल्या आत, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. बाहेरच्या संगणकाने आपली थोडी जागा आणि थोडी स्मरणशक्ती त्याला काढून द्यायची आणि आतला समजतो की आपण स्वतंत्र बिऱ्हाड केलं. घरी वहिनीने हे आईला समजावून सांगितलं, तेव्हा आईने शांतपणे विचारलं होतं, "कितवा महिना?"

तेव्हापासून आम्ही त्याला पोटातलं म्हणतो.

आता आईच्या पायाचं. आईचा डावा पाय लहानपणापासून जरा आखूड. पूर्वी बुटाच्या आत एक पातळसा थर घातला की भागायचं. पुढे ती घरातच पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि पाय आणखी आखडला. आता तिला जाड तळाचा, माझ्या हातचा बूट लागतो. त्याच्याशिवाय ती घरात भिंतीला धरून चालते, पण जिना म्हटला की संपलं.

आणि नेमका जिनाच चढायचा होता. आईची थोरली बहीण, आमची मावशी, तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोघी बहिणी बरीच वर्षं बोलत नव्हत्या. कारण ऐकलं तर कुणाला हसू येईल. त्यांचे वडील गेल्यावर दोघींनी मिळून त्यांची खोली आवरली. मावशी चहा करायला आत गेली तेवढ्यात आईने वडिलांचे चष्मे टाकून दिले, अख्खा खण. जाड भिंगाचे, एका काडीला दोरा बांधलेले. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कुणाच्या उपयोगाचा, हा तिचा हिशेब. मावशी बाहेर आली, खण उघडून बघितला आणि चहा तसाच ठेवून निघून गेली. मला लहानपणी ही गोष्ट गमतीची वाटायची. आता वाटत नाही.

त्या मावशीचा एके दिवशी आपणहून फोन आला. मावशी मुलाकडे राहायला चालली होती, रविवारी किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या. आईला म्हणाली, "शनिवारी ये. घर रिकामं करायचंय. टाकाटाकीत तुझा हात कोण धरणार?"

एवढं बोलून फोन ठेवला. हा टोमणा की बोलावणं, यावर आई दोन दिवस विचार करत होती. शेवटी म्हणाली, टोमणा मारायलाही माणूस लागतं, तिने मला निवडलं. जायचं तिचं ठरलं. आता नाही गेली तर मावशी म्हणणार, राग धरून बसली. आणि मुलाचं गाव लांब, तिकडे आईच्याने जाणं होणार नव्हतं. म्हणजे शनिवार हुकला की हुकलाच.

तिच्या जुन्या बुटाचा तळ सुटायला आला होता म्हणून मंगळवारी संध्याकाळी आईला कारखान्यात आणून आम्ही नवं माप घेतलं. गुरुवारी लाकडी पाय कोरायचा, शुक्रवारी मी बूट शिवायचा, शनिवारी मावशी. सगळं कसं जमून आलं होतं. इतकं जमून आलं की तेव्हाच शंका यायला हवी होती.

बुधवारी कारखान्यात विजेचं काम होतं. सगळे संगणक बंद करायचे म्हणून वहिनी भल्या सकाळी कामावर गेली. म्हणजेच त्या सकाळी बादली तपासायला घरात कोणी नव्हतं. आणि त्याच सकाळी आईने, माप दिलंय म्हणजे नवे बूट आलेच असं धरून, जुने बूट टाकून दिले. संध्याकाळी वहिनीने बुटांचा कोपरा बघितला, बादली बघितली, आईकडे बघितलं. आई म्हणाली, नवे येणार म्हणजे जुने गेले. एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं हे मला आजही कळत नाही.

गुरुवारी सकाळी वहिनीने पोटातलं सुरू करायला घेतलं आणि ते सुरू होईना.

बटण दाबलं की एक पट्टी थोडी पुढे सरके, थांबे आणि लाल अक्षरं येत. आमचे मालक भले गृहस्थ आहेत, पण संगणकाच्या बाबतीत उंटावरून शेळ्या हाकतात. ते दारातूनच म्हणाले, "बंद करून परत चालू करून बघा."

"ते बंदच आहे," वहिनी म्हणाली.

"मग चालू करून बघा."

वहिनीने लाल अक्षरं वाचली. मशीन दुसरं कोणीतरी वापरतंय असं त्यात म्हटलं होतं. वापरत कोणीच नव्हतं. पण मशीन सुरू असताना दाराला आतून कडी लागावी तशी एक छोटी फाइल तयार होते आणि बंद करताना ती आपोआप निघते. विजेच्या घाईगर्दीत ती निघायची राहिली असावी. ती फाइल काढून टाकायची, एवढंच काम. पण वहिनी ती. काढण्याआधी तिने सगळ्या मशीनची एक प्रत केली. ही प्रत होईपर्यंत आम्ही सगळे चहा पिऊन आलो.

कडी निघाली. परत बटण दाबलं. आता लाल अक्षरं वेगळी आली, म्हणजे प्रगती होती. या वेळी, सुरू होताना लागणारी एक फाइल तयार करता येत नाही असं म्हणणं होतं. वहिनीला वाटलं, परवानगीचा घोळ असणार. विजेवाल्याच्या कामानंतर कुणाचं नाव बदललं, कुणाचे हक्क गेले, हे तपासायला हवं. पण तपासून काही बदलायचं म्हणजे आधी काय? आधी प्रत. मी एव्हाना कातडं कापून ठेवलं होतं, दोरा मेण लावून तयार होता, आणि ज्यावर बूट चढवायचा तो पाय अजून मशीनच्या पोटात होता. मी जाऊन विचारलं की वहिनी, प्रत न काढता एकदा बघितलं तर? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला डोळे मिटून रस्ता ओलांडायला सांगत होतो.

परवानग्या बदलून झाल्या. लाल अक्षरं तशीच. मग आतल्या मशीनला दिलेली स्मरणशक्ती कमी-जास्त करून बघायचं ठरलं. त्याच्याआधी तिसरी प्रत सुरू झाली. ही प्रत अर्ध्यावर गेली आणि अडली. पडद्यावर सरळ साध्या शब्दांत आलं, की डिस्कवर जागा नाही.

वहिनी खुर्चीत मागे टेकली. तिने कपाळाला हात लावला नाही, पण हात त्या दिशेने निघाला होता.

मग तिनेच मला सगळं उलगडून सांगितलं, अगदी हळू आवाजात, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये म्हणून. पोटातलं मशीन सुरू होताना बाहेरच्या डिस्कवर आपल्या स्मरणशक्तीएवढी जागा मागतं. गेले कित्येक महिने ते बंद झालंच नव्हतं, त्यामुळे ती जागा त्याने धरून ठेवली होती. बुधवारी ते बंद केलं आणि जागा सुटली. आणि बंद केल्या केल्या वहिनीने, विजेचं काम आहे, उगीच धोका नको, म्हणून प्रत काढली. ती प्रत नेमकी त्या जागेत जाऊन बसली. पाहुणा हात धुवायला उठावा आणि त्याच्या खुर्चीवर आपण गाठोडं ठेवावं, असं झालं.

"म्हणजे बिघडलेलं काहीच नाही?" मी विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे भावोजी," ती म्हणाली. "मीच त्याला पाय ठेवायला जागा ठेवली नाही."

आता तोडगा सोपा होता. प्रती काढून टाकायच्या. तिने आज सकाळपासूनच्या प्रती काढल्या, त्यांना तिचा जीव अजून लागला नव्हता. पण त्याने आम्ही फक्त सकाळच्या जागी आलो. बुधवारची प्रत तिने घट्ट धरली. सगळ्यात ताजी तीच, ती गेली तर मागे काही नाही. म्हणजे जुन्यांपैकी काही काढायला हव्या होत्या. आणि तिथे वहिनीचा हात थांबला. ती एका प्रतीवर बाण न्यायची, उघडून बघायची, परत मिटायची. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी एकही गेली नव्हती. तेवढ्यात घरून आईचा फोन आला की पाय निघाला का. मी खरं ते सांगितलं. मग आई म्हणाली, "मी येते."

दादाने तिला गाडीतून आणून सोडलं आणि तो आपल्या कामाला गेला. डाव्या पायातल्या चपलेखाली मी घडी केलेला पुठ्ठा चिकटवून दिला होता, त्यावर तोल सांभाळत, माझा दंड धरून ती संगणकापर्यंत आली. वहिनीने उठून तिला खुर्ची दिली, आणि सगळा गुन्हा पुन्हा एकदा, या वेळी सासूसमोर, कबूल केला. मला वाटलं, आता आई वर्षानुवर्षांची उधारी वसूल करणार. संग्रहालय, बादली, झाकणं, सगळं निघणार. आईने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की काय काय आहे ते दाखव.

मालक मधेच येऊन म्हणाले की हवी तर एक नवी डिस्क मागवू. आईने त्यांच्याकडे वळून सांगितलं, "नवं कपाट आणून पसारा कमी झालेला मी अजून पाहिला नाही." मालक आले तसे गेले.

मग सुरू झालं. पडद्यावर प्रतींची नावं होती आणि ती बघून मला हसू आवरेना. "अपडेटच्या आधी". "अपडेटच्या नंतर". "अपडेट काढल्यावर". "असू दे". "असू दे नवीन". "असू दे खरं". आई एकेका नावावर बोट ठेवायची आणि विचारायची, हे काय? वहिनी सांगायला लागायची की हे तेव्हाचं, जेव्हा कोरणीच्या यंत्राची तार बदलली. आई विचारायची, ती तार आता चालते ना? चालते. मग टाक.

"टाकताना वस्तूकडे बघायचं नसतं," आई तिला म्हणाली. "बघितलं की ती बोलायला लागते."

आयुष्यभराची विद्या अशी एका वाक्यात मोकळी केलेली बघून मला आईचं कौतुक वाटलं. वहिनी डोळे किलकिले करून बटण दाबत होती. पहिली प्रत गेली तेव्हा तिने श्वास रोखला होता, चौथ्या-पाचव्याला नुसता उसासा टाकला, आणि "असू दे खरं" गेली तेव्हा तर मला ती किंचित हसल्यासारखी वाटली. पण या सगळ्या जुन्या प्रती तिने दाबून, घडी घालून ठेवलेल्या, बुधवारच्या प्रतीसारख्या ऐसपैस पसरलेल्या नव्हत्या. त्यांनी फार जागा सुटेना. बटण दाबून बघावं तर लाल अक्षरं हजर. खाली दोन मोठ्या प्रती उरल्या होत्या, अगदी जुन्या, तिला घडी घालायचं सुचण्याआधीच्या. आता घालायची तर त्यासाठीही आधी पसरायला जागा हवी होती.

त्यातल्या पहिलीचं नाव होतं, "थोरल्या मालकांचा पाय".

थोरले मालक म्हणजे आमच्या मालकांचे वडील. कारखाना त्यांनी उभा केला. वहिनीने पोटातलं मशीन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी, ते चालतं की नाही बघायला, थोरल्या मालकांनी आपला स्वतःचा पाय काचेवर ठेवला होता. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. गिऱ्हाइकांच्या यादीत त्यांचं माप कधीच नव्हतं, ते फक्त या प्रतीत होतं.

"गेलेल्या माणसाच्या पायाचं माप," आई म्हणाली. "कुणाच्या उप..."

आणि ती थांबली. पडद्यावरचं तिचं बोट तिथेच राहिलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे. आम्हा दोघांना ते वाक्य पाठ होतं, दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कुणाच्या उपयोगाचा. आईने बोट मागे घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"हे आपलं नाही," शेवटी ती म्हणाली. "त्यांचा मुलगा आत बसलाय ना? त्याला विचार जा."

माझ्या आठवणीत आईने काही टाकण्याआधी विचारलेलं हे पहिलं. मी मालकांना बोलावून आणलं. वहिनीने त्यांना ते माप उघडून दाखवलं. मशीन बंद असलं तरी प्रतीत डोकावून चित्र बघता येत होतं, माप बाहेर काढायला मात्र तो जुना प्रोग्रॅमच चालू हवा होता. पडद्यावर दोन पावलं, उजव्या अंगठ्याला बाहेर आलेलं हाड. मालकांना आपल्या कारखान्यात हे आहे याची कल्पनाच नव्हती. ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले. मग सरळ होऊन, दुसरीकडेच बघत म्हणाले की हे राहू द्या, बाईंच्या बुटांना उशीर झाला तर माझी गाडी घ्या, माणूस घ्या, काय हवं ते घ्या, पण हे राहू द्या. आई म्हणाली की राहणारच, म्हणूनच विचारलं.

उरली एक. तिचं नाव वहिनीने बाणाखाली झाकून धरलं होतं. आईने बाण बाजूला घ्यायला लावला. "आईंचा पाय, पहिला."

"हा तुमचा," वहिनी म्हणाली. "पडायच्या आधीचा. मी नवीन नवीन लग्न होऊन आले होते, तेव्हा मीच घेतला होता. पुढे नवं माप आलं आणि यादीतून हा गेला. इथे मात्र आहे."

आईने स्वतःचाच नियम मोडला आणि बघितलं. पडद्यावर दोन पाय जवळजवळ सारखे होते, डावा थोडासा वर. ती किती वेळ बघत होती मला माहीत नाही. या पायाने ती बाजार उरकून यायची, आम्हा दोघांना शाळेत सोडायची आणि परत येऊन सगळं घर टाकून द्यायची. वहिनी म्हणाली की आई, आपण दुसरं काहीतरी करू, मी डिस्क मागवते, मालकांची गाडी आहे, अजून वेळ आहे.

"विचार ना मला," आई म्हणाली.

वहिनीला कळलं नाही.

"माझा पाय आहे. टाकू का, म्हणून विचार."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, "आई, टाकू का?"

"टाक. जिना त्या पायाने चढायचा नाहीये."

वहिनीच्याने बटण दाबवेना. शेवटी आईनेच तिचं बोट धरलं आणि बोटासकट बटण दाबलं. जागा सुटली. वहिनीने डोळे पुसले, मशीन सुरू करायला घेतलं, पट्टी नेहमीच्या ठिकाणी येऊन अडली, आम्ही तिघांनी एकदम मान पुढे केली, आणि पट्टी पुढे गेली. जुन्या प्रोग्रॅमचं ते फिकट निळं तोंड दिसलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या मालकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी सकाळपासून म्हणत होतो, चालू करून बघा.

लाकडी पाय संध्याकाळी निघाला. शुक्रवारचा दिवस मी त्यावर वाकून होतो. शनिवारी सकाळी आईने नवे बूट घातले, घरभर दोन फेऱ्या मारल्या आणि खोकं कुठे टाकू असं विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं. वहिनीने खोकं उचलून माळ्यावर ठेवलं.

मावशीकडे वहिनीही पिशव्या घेऊन आमच्याबरोबर आली. जिन्यावर आईने माझा हात धरला नाही. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याला धरून, ती स्वतः वर आली. दार उघडंच होतं. मावशी दारात उभी होती आणि मावशीच्या घरात चपला-बूट दाराबाहेर काढल्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आई सवयीने बंद सोडायला वाकू लागली. वाकताना तोल जाऊ लागला म्हणून तिने चौकट धरली. मावशीने तिच्या पायांकडे बघितलं, त्या जाड तळाकडे. आई पडल्यानंतर मावशीने तिला पाहिलंच नव्हतं.

"राहू दे," मावशी म्हणाली. "बुटासकट ये आत."

उरलेला सगळा दिवस वाया गेला, निदान घर रिकामं करण्याच्या दृष्टीने. आई प्रत्येक वस्तू उचलून मावशीला विचारत होती, टाकू का? मावशी प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगत होती. टाकायला म्हणून नेलेल्या पिशव्या भरत होत्या, पण त्या वहिनीच्या बाजूला जाऊन बसत होत्या, कारण मावशीला आपल्यासारखं एक माणूस अखेर सापडलं होतं. चष्म्यांचं नाव दिवसभर कुणी काढलं नाही. फक्त निघताना मावशी आत गेली, काहीतरी घेऊन आली आणि आईच्या हातात कोंबलं. तिच्या वडिलांच्या चष्म्याची डबी होती. चष्मे गेले त्या दिवशी ती खणात नव्हती, टेबलावर राहिली होती. आत काही नव्हतं, नुसतं झिजलेलं मखमलीचं अस्तर.

परतीच्या वाटेवर गाडीत आमच्या पायाशी, मांडीवर, मागे, सगळीकडे पिशव्या होत्या. आई ती डबी उघडत होती, मिटत होती, परत उघडत होती. वहिनी शेजारी बसली होती. आजवर तिला अशी संधी कधी मिळाली नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, मी गाडी चालवता चालवता आरशातून बघत वाटच पाहत होतो.

"आई," वहिनी अगदी साळसूदपणे म्हणाली, "रिकामीच आहे ती. टाकू का?"

आईने डबी मिटली आणि पदराखाली घेतली.

"असू दे," ती म्हणाली.